छातीचा फोटो काढणारा माणूस

बारावीचा निकाल लागला, की तब्येत दाखवायला आलेले पालक जाता जाता एक प्रश्न हमखास विचारतात. ‘डॉक्टर, मुलगा विज्ञान शाखेचा आहे. मार्क बरे आहेत, पण एमबीबीएसला लागतील एवढे नाहीत. वैद्यकीय क्षेत्रात दुसरे काही आहे का?’ नर्सिंग, फार्मसी, लॅबोरेटरी ही नावे त्यांना ठाऊक असतात. क्ष-किरण विभागाचे नाव काढले, की मात्र चेहरा जरा उतरतो. ‘म्हणजे फोटो काढायचे काम?’ आणि मुलगी असेल, तर आई हळूच विचारते, ‘त्या किरणांनी पुढे काही होत नाही ना?’

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिला प्रश्न अज्ञानातून येतो आणि दुसरा काळजीतून. आजच्या लेखात दोन्हींचा विचार करू. शिवाय या क्षेत्राच्या नावाखाली गावोगावी जी फसवणूक चालते, तिच्याबद्दलही बोलणे भाग आहे.

‘फोटो’ या शब्दापासूनच सुरुवात करू. आपल्याकडे एक्स-रे कोणी म्हणत नाही, ‘छातीचा फोटो काढून आणा’ असेच म्हणतात. शब्द सोपा आहे, पण त्यामुळे घोटाळा होतो. फोटो काय, बटण दाबले की निघतो, असे वाटते. विल्हेल्म राँटजेन या जर्मन शास्त्रज्ञाला ८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्झबुर्ग येथील प्रयोगशाळेत हे किरण सापडले, तेव्हा ते कशाचे बनले आहेत हे त्यालाही कळले नव्हते. म्हणून त्याने त्यांना गणितातल्या अज्ञात संख्येचे नाव दिले. आपल्या बीजगणितात त्या अज्ञाताला ‘क्ष’ म्हणत, म्हणून आपले ते क्ष-किरण. १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक राँटजेनला मिळाले. शोधाचे पेटंट मात्र त्याने घेतले नाही. जगभरचे क्ष-किरण तंत्रज्ञ अजूनही ८ नोव्हेंबर हा आपला दिवस म्हणून पाळतात.

बटण दाबण्यापूर्वी

आता साधा छातीचा फोटो घ्या. रुग्णाला पाठीकडून किरण येतील असे पाटीला छाती टेकवून उभे करायचे, कारण हृदय छातीच्या पुढच्या बाजूला असते आणि ते पाटीपासून दूर राहिले तर सावली मोठी पडते. समोरून फोटो काढला, तर धडधाकट माणसाचे हृदयही वाढलेले दिसू शकते. नळी साधारण सहा फुटांवर ठेवायची, हेही त्याच कारणासाठी. हात कमरेवर ठेवून खांदे पुढे काढायचे, म्हणजे खांद्याची हाडे फुप्फुसांवरून बाजूला होतात. मग ‘श्वास आत घ्या, पूर्ण घ्या, आता धरून ठेवा’. रुग्णाने अर्धाच श्वास घेतला, तर फुप्फुसाच्या तळाशी पांढुरके दिसते आणि न्यूमोनियाचा संशय येतो. रुग्ण किंचित वळून उभा राहिला, तर एक बाजू दुसरीपेक्षा काळी दिसते. गळ्यातले मंगळसूत्र, ताईत, दंडातली पेटी, पाठीवर सोडलेली वेणीसुद्धा सावली टाकते. वेणीच्या सावलीला क्षयाचा डाग समजण्याचा प्रसंग येऊ शकतो, हे वाचकांना ऐकून नवल वाटेल.

हे झाले चालत्या-बोलत्या रुग्णाचे. मोटारसायकलवरून पडलेला, मांडी मोडलेला, कण्हणारा तरुण असेल, तर त्याला न हलवता हाडाच्या दोन बाजू कशा घ्यायच्या? एका बाजूने सरळ दिसणारे हाड दुसऱ्या बाजूने मोडलेले असू शकते, म्हणून दोन्ही घ्याव्याच लागतात. रडणारे दोन वर्षांचे मूल, कंबर वाकलेली आजी, दारू पिऊन पडलेला माणूस, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. हाड जाड की बारीक, माणूस लठ्ठ की किडकिडीत, त्यावर किरणांचा जोर आणि प्रमाण ठरते. आणि फोटोवर डावी-उजवी खूण टाकायची राहिली किंवा उलटी पडली, तर पुढे भलत्याच बाजूवर उपचार होण्यापर्यंत मजल जाऊ शकते.

जुन्या वाचकांना डार्करूम आठवत असेल. तांबड्या मंद दिव्याच्या उजेडात फिल्म डेव्हलपरमध्ये बुडवायची, मग धुवायची, मग फिक्सरमध्ये, आणि शेवटी क्लिपला टांगलेली ओली फिल्म घेऊन वॉर्डबॉय धावत यायचा. आता बहुतेक ठिकाणी चित्र थेट संगणकाच्या पडद्यावर येते. काम सोपे झाले, पण एक नवी खोट आली. जुन्या फिल्मवर किरण जास्त झाले की ती काळी पडायची, आणि चूक लगेच उघडी व्हायची. संगणकावर जास्त किरण दिलेले चित्रही सुरेख दिसते, किंबहुना अधिक स्वच्छ दिसते. त्यामुळे निष्काळजी माणूस नकळत मात्रा वाढवीत जातो, आणि रुग्णाला त्याचा पत्ता लागत नाही. चांगल्या तंत्रज्ञाची पारख इथेच होते. कमीत कमी किरणांत, पहिल्याच खेपेला, कामापुरते स्पष्ट चित्र काढणे ही त्याची विद्या.

त्या चित्राचा अर्थ लावून अहवाल लिहिणे हे मात्र रेडिओलॉजिस्ट डॉक्टरचे काम आहे, तंत्रज्ञाचे नव्हे. ही रेघ पक्की ओळखूनच या क्षेत्रात पाऊल टाकावे. रुग्ण बाहेर येताच ‘काय निघालं हो?’ असे विचारणारच. तेव्हा ‘डॉक्टरांना दाखवा, ते सांगतील’ एवढेच म्हणण्याचा संयम पाहिजे. मात्र पडद्यावर काही गंभीर दिसले, तर रुग्णाला बाकावर ताटकळत न ठेवता डॉक्टरांना तातडीने कळवणे, हे त्याचे कर्तव्यच आहे.

किरणांची भीती

आता त्या आईचा प्रश्न. भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. सुरुवातीच्या काळात या किरणांनी खरोखरच माणसे मारली. एडिसनचा सहकारी क्लॅरेन्स डॅली नळ्यांची परीक्षा स्वतःच्या हातावर घेत असे. त्याचे हात भाजले, जखमा बऱ्या होईनात, कर्करोग झाला, हात कापावे लागले आणि १९०४ साली तो मरण पावला. एडिसनने धसका घेऊन क्ष-किरणांचे काम सोडून दिले. जर्मनीत हॅम्बुर्ग येथे १९३६ साली अशा डॉक्टरांचे, शास्त्रज्ञांचे आणि तंत्रज्ञांचे स्मारक उभारले गेले. त्यावर सुरुवातीलाच दीडशेहून अधिक नावे होती.

त्यांच्या हालांतूनच आजचे नियम तयार झाले आहेत. आपल्याकडे हे नियम अणुऊर्जा नियामक मंडळ पाहते. १९८३ साली स्थापन झालेल्या या मंडळाचे कार्यालय मुंबईत अणुशक्तिनगरला आहे. मंडळाच्या परवान्याशिवाय एक्स-रे यंत्र चालवता येत नाही. किरणांत काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात फार तर ३० मिलिसिव्हर्ट, ही मर्यादा आहे. या आकड्यांचा अंदाज यावा म्हणून सांगतो. जमिनीतून, आकाशातून, अन्नातून आणि हवेतून प्रत्येक माणसाला काही न करताही जगाच्या सरासरीने वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. छातीच्या एका फोटोत रुग्णाला ०.१ मिलिसिव्हर्टपेक्षाही कमी मिळतात, तर छातीच्या वा पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये साधारण ५ ते १०. नियम पाळून आडोशामागून काम करणाऱ्या तंत्रज्ञाच्या अंगावर येणारे किरण मर्यादेच्या कितीतरी खाली राहतात.

नियम तरी काय? वेळ, अंतर आणि आडोसा. किरणांत कमीत कमी वेळ थांबा. शक्य तितके लांब उभे राहा, कारण अंतर दुप्पट केले की मात्रा चौथाईवर येते. मध्ये शिशाचा पडदा वा भिंत ठेवा, आणि आत थांबणे भागच असेल तर शिशाचा ॲप्रन घाला. बटण सोडले की किरण संपले. ते खोलीत रेंगाळत नाहीत, भिंतीला चिकटत नाहीत, कपड्यांतून घरी येत नाहीत. एक्स-रे खोलीत काम करणाऱ्या मुलीला शिवल्याने काही होते, हा समज ज्यांच्या मनात असेल त्यांनी तो काढून टाकावा.

तंत्रज्ञाच्या छातीवर एक छोटा बिल्ला लावलेला असतो. त्याला टीएलडी बॅज म्हणतात. आत कॅल्शियम सल्फेटच्या बारीक चकत्या असतात. अंगावर पडलेल्या किरणांची नोंद त्या धरून ठेवतात. दर तीन महिन्यांनी बिल्ला तपासणीला जातो, चकत्या तापवल्या की पडलेल्या किरणांच्या प्रमाणात उजेड देतात, आणि त्यावरून मोजमाप होते. कामावर असताना बिल्ला ॲप्रनच्या आत छातीवर असावा, आणि काम संपले की किरणांपासून दूर ठरलेल्या जागी ठेवावा. आता खरे सांगायचे, तर लहान गावांत हा बिल्ला टेबलाच्या खणात पडलेला मी पाहिला आहे. खणातला बिल्ला खणाचे मोजमाप सांगतो, माणसाचे नाही! तीच गत ॲप्रनची. घडी घालून कोपऱ्यात फेकला, की आतले शिसे घडीवर तडकते आणि वरून ॲप्रन कोराच दिसतो. दार उघडे ठेवून फोटो काढणे, मूल धरायला दर वेळी त्याच तंत्रज्ञाला वा आयाबाईला आत उभे करणे, हेही सर्रास चालते. मूल धरायचेच असेल, तर आई-वडिलांपैकी एकाने ॲप्रन घालून धरावे, आणि आई पुन्हा गरोदर नाही ना, हे आधी विचारावे. नोकरीच्या पहिल्या दिवशी मालकाकडे बिल्ला मागायला लाजू नये. तो कायद्याने तुमचा आहे.

मुलींच्या बाबतीत नियम अधिक काटेकोर आहेत. गरोदरपण कळवल्यानंतर उरलेल्या काळात पोटातल्या बाळाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा अधिक मात्रा पोहोचता कामा नये, अशा बेताने काम द्यावे लागते. म्हणजे कळवणे महत्त्वाचे. लपवून ठेवण्यात बाळाचेही हित नाही आणि नोकरीचेही. अठरा वर्षांखालच्या कोणालाही या कामावर ठेवता येत नाही. माझे स्पष्ट मत आहे, की मुलींनी या क्षेत्रात जरूर यावे. स्तनाच्या मॅमोग्राफीसाठी, कंबरेच्या, मांडीच्या फोटोसाठी खेड्यातल्या बायका पुरुषासमोर कपडे सैल करायला तयार होत नाहीत. कितीजणी दुखणे अंगावर काढून परत जातात! तिथे एखादी मुलगी असली, तर तपासणी तरी होते.

न दिसणारा चुंबक

एक्स-रेच्या पुढची पायरी सीटी स्कॅनची. शरीराभोवती नळी फिरते आणि संगणक त्यातून एकेक काप उभा करतो. गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज इंजिनिअरने, गाण्यांच्या तबकड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ईएमआय कंपनीत नोकरी करताना, हे यंत्र बनवले. १९७१ साली लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात त्यावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूची तपासणी झाली. १९७९ चे नोबेल त्याला आणि ॲलन कॉर्मॅक यांना मिळाले. दोघांपैकी कोणीही डॉक्टर नव्हता, हे पालकांनी लक्षात घ्यावे. सीटीच्या तंत्रज्ञाला शिरेतून द्यायच्या आयोडीनयुक्त औषधाचीही माहिती लागते. रुग्णाला दमा आहे का, पूर्वी अशा औषधाची रिॲक्शन आली होती का, रक्तातले क्रिएटिनिन किती, मधुमेहाच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे विचारण्यात हयगय झाली तर जिवावर बेतू शकते.

एमआरआयमध्ये किरणांचा धोका नाही. तिथला धोका निराळा. नेहमीच्या १.५ टेस्ला यंत्रातले चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट असते. चुंबकाची गुंडाळी द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंशांवर थंड ठेवलेली असते, आणि ते चुंबकत्व रात्री, सुट्टीच्या दिवशी, लाइट गेल्यावरसुद्धा चालूच असते. ‘मशीन बंद आहे’ हे वाक्य एमआरआयच्या खोलीत कधीच खरे नसते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या एका रुग्णालयात रुग्णासोबत आलेला तरुण नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेला. चुंबकाने सिलिंडरसकट त्याला खेचले, आणि त्याचा जीव गेला. २००१ साली न्यू यॉर्क राज्यात तपासणीसाठी यंत्रात झोपवलेल्या सहा वर्षांच्या मुलाचा मृत्यू असाच, आत आणलेल्या ऑक्सिजनच्या सिलिंडरने झाला होता. दारात उभे राहून प्रत्येकाचे खिसे, केसांतल्या पिना, कमरेचा पट्टा तपासणारा, पेसमेकर आहे का हे पुन्हा पुन्हा विचारणारा, आणि कितीही मोठा माणूस असला तरी ‘थांबा’ म्हणू शकणारा तंत्रज्ञ ही तिथली खरी सुरक्षा आहे. भिडस्त स्वभावाच्या माणसाने हा भाग जाणूनच यावे.

फसवणूक कुठे होते

‘सोनोग्राफी टेक्निशियन’ असा फलक आणि भरमसाट फी दिसली, तर दहा वेळा विचार करा. परदेशात, उदाहरणार्थ अमेरिकेत, सोनोग्राफर हा स्वतंत्र व्यवसाय आहे. आपल्याकडे तसे नाही. मुलींच्या गर्भाची हत्या थांबवण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ साली देशात पहिला कायदा केला. त्यानंतर १९९४ चा केंद्राचा कायदा १९९६ पासून लागू झाला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. या कायद्याखाली गरोदर बाईची सोनोग्राफी ठरावीक पात्रतेच्या डॉक्टरनेच, नोंदणी झालेल्या केंद्रातच करायची असते. भंग झाल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सहा महिन्यांचा कोर्स करून सोनोग्राफी सेंटर टाकता येईल, असे कोणी सांगत असेल, तर तो तुमच्या मुलाला तुरुंगाची वाट दाखवत आहे.

रीतसर वाट अशी. बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण व्हावे. भौतिकशास्त्र पक्के असावे, कारण पुढचे सारे त्याच्यावर उभे आहे. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बीपीएमटी या पदवी अभ्यासक्रमात रेडिओग्राफीची शाखा आहे. तीन वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. तो शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतून मिळाला, तर मी दुसरीकडे पाहूच नका म्हणेन, कारण मोठ्या सरकारी रुग्णालयात एका दिवसात जेवढे रुग्ण पाहायला मिळतात, तेवढे छोट्या खासगी संस्थेत महिन्यातही दिसत नाहीत. याशिवाय इतर विद्यापीठांच्या बीएस्सी पदव्या आणि पदविका आहेत.

या व्यवसायाला बरीच वर्षे देशपातळीवर एकसारखा कायदा नव्हता. तो २०२१ साली झाला. त्याप्रमाणे तंत्रज्ञाच्या पदविकेला वा पदवीला किमान दोन हजार तासांचे आणि दोन ते चार वर्षांचे शिक्षण लागते, तर वरच्या दर्जाच्या व्यावसायिक पदवीला किमान ३६०० तासांचे. तेव्हा ‘सहा महिन्यांत एक्स-रे टेक्निशियन, नोकरीची हमी’ अशी जाहिरात या मापाला लावून पाहा. फी भरण्यापूर्वी संस्थेत प्रत्यक्ष जावे. अभ्यासक्रमाला कोणत्या विद्यापीठाची वा मंडळाची मान्यता आहे, तो कागद दाखवा म्हणावे. प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात होते, तिथे सीटी आणि एमआरआय आहे का, मागच्या वर्षीची मुले आज कुठे आहेत, हे विचारावे. उत्तर देताना संचालक चिडले, तर तेच उत्तर समजावे.

पदवीनंतर वाटा फुटतात. कर्करोगाला किरणोपचार देणाऱ्या यंत्रांवर काम करणारा तंत्रज्ञ वेगळा, त्याचा अभ्यासक्रमही वेगळा. न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये किरणोत्सारी औषध रुग्णाला देऊन त्याचे चित्र घेतात. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरने या शाखेचे शिक्षण देशात रुजवले. पेट स्कॅनसाठी वापरतात ते फ्लोरिन दर ११० मिनिटांनी निम्मे होते. सायक्लोट्रॉनमधून निघालेली गाडी घाटात अडकली, की इकडे रुग्ण उपाशीपोटी बसलेले आणि औषध तिकडे वाटेतच विरत चाललेले! अशा ठिकाणी हिशेबी डोक्याचा माणूस लागतो.

सरकारी नोकरीत ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय येथे क्ष-किरण तंत्रज्ञ, क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी अशी पदे असतात. जाहिरातीतली पात्रता शब्दन्‌शब्द वाचावी, पदविकेचे नाव थोडे वेगळे असल्यामुळे अर्ज बाद होतात. खासगी रुग्णालयात सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. रात्रपाळी, सणावाराची ड्यूटी, अपघातांची धावपळ हेही आहे. सीटी-एमआरआयचा चांगला हात बसला, की पगार चढतो. आखाती देशांत आणि इंग्लंडमध्ये मागणी आहे, पण तिथे परीक्षा वा नोंदणी आवश्यक असते, आणि त्यासाठी तुमची पदवी व अनुभव दोन्ही कागदोपत्री चोख लागतात. दलालाकडे पैसे देण्याआधी नोंदणीचे नियम स्वतः वाचावेत.

हल्ली एक शंका नेहमी येते, संगणकच फोटो वाचू लागले, मग माणसाचे काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली क्षयाच्या तपासणीत छातीचे फोटो संगणकाकडून वाचून घ्यायला मान्यता दिली. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षयरोग मोहिमेत हातात मावणारी एक्स-रे यंत्रे खेडोपाडी फिरली. तालुक्याला काढलेला फोटो पुण्या-मुंबईचा डॉक्टर आपल्या टेबलावर बसून वाचतो, हेही आता नवे नाही. पण पाड्यावरच्या खोकणाऱ्या म्हाताऱ्याला धीर देऊन, खांदे पुढे घेऊन उभे करणे आणि नेमक्या क्षणी ‘श्वास धरा’ म्हणणे संगणकाला अजून जमलेले नाही. उलट वाचणारा लांब बसला, की काढणाऱ्याची जबाबदारी वाढते, कारण चित्र वाईट निघाले तर रुग्णाकडे पुन्हा पाहायला तिथे दुसरे कोणी नसते.

मुला-मुलींचा कल समजून घ्यायचा असेल, तर प्रवेश घेण्याआधी जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षकांची परवानगी काढून एखादी सकाळ क्ष-किरण विभागाच्या बाहेरच्या बाकावर बसावे. दहा ते बारा ही गर्दीची वेळ. रक्त, ओकारी, आरडाओरडा आणि रुग्णाच्या दहा नातेवाइकांचे प्रश्न पाहूनही आत काय चालले आहे याची उत्सुकता टिकली, तर अर्ज आणायला हरकत नाही.